नळी निघाली, औषध थांबले, तपासणी लांबली: यकृत प्रत्यारोपणानंतरच्या एका बाळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तळकोकणातल्या एका वाडीतली. जन्मली तेव्हा वजन २.७ किलो, बाळंतपण सुरळीत, अंगावरचे दूध व्यवस्थित. तिसऱ्या आठवड्यातही कावीळ उतरेना, तेव्हा 'कोवळे ऊन दाखवा, जाईल' हेच सगळ्यांकडून ऐकायला मिळाले. शी मात्र शाडूसारखी पांढुरकी होत चालली होती आणि लंगोटावर लघवीचे पिवळे डाग पडत होते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की एक दिवसही थांबायचे नसते. सईचे निदान व्हायला अडीच महिने गेले. बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजून जाण्याचा आजार. जपानचे मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती घटत जाते. सईची कासाई ८४ व्या दिवशी झाली. पित्त वाहिले नाही.

या आजाराचे आणि यकृत प्रत्यारोपणाचे नाते जुने आहे. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावर केलेले पहिले यकृत प्रत्यारोपण याच आजाराच्या मुलावर होते. ते मूल वाचले नाही. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत ज्या बाळावर पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, त्यालाही हाच आजार होता. आज शस्त्रक्रियेचे तंत्र पक्के झाले आहे. मुलांचे हाल होतात ते तिच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत. मुंबईतल्या एका प्रत्यारोपण गटात मी बाल-आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सईच्या प्रकरणात पोषण आणि विषाणूसंसर्ग हे दोन धागे इतके गुंतले होते की ते वेगवेगळ्या फायलींत ठेवणे किती महागात पडते, हे सगळ्या गटाला स्वच्छ दिसले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वजन ठीक, दंड बारीक

आठव्या महिन्यात सई आमच्याकडे आली तेव्हा वजन ६.६ किलो होते. अंगणवाडीच्या तक्त्यात हे वजन हिरव्या पट्ट्यात बसत होते, अगदी कडेला का होईना. उंची ६३.५ सेंटिमीटर, म्हणजे वयाच्या मानाने खुजी. पण उंचीच्या मानाने वजन पुन्हा 'सामान्य'. घरच्यांना त्यामुळे हायसे वाटत होते. 'काविळीने पिवळी आहे, पण अंगाने बरी आहे,' असे आई म्हणाली.

पोट मात्र नगाऱ्यासारखे ताणलेले, त्यावर निळ्या शिरा. यकृत आणि प्लीहा वाढलेली, पोटात पाणी. वजनकाट्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही. दंडाला पट्टी लावली तर घेर १०.९ सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षे वयात ११.५ च्या खाली दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. दंडाच्या मागची चरबी चिमटीत धरायला गेले तर नुसती कातडी हाती यायची. अंगणवाडी सेविकेची यात काहीच चूक नव्हती. तिने वजन बरोबर घेतले होते आणि तक्त्यात बरोबर मांडले होते. यकृताच्या मुलांसाठी तो तक्ताच अपुरा पडतो.

आहाराचा हिशेब केला. अंगावरचे दूध, दिवसातून दोनदा पातळ नाचणी सत्त्व आणि कुणीतरी सांगितले म्हणून त्यात खोबरेल तेल. पाणी वजा जाता सईचे खरे वजन आम्ही ५.९ किलो धरले. त्या मानाने तिला किलोमागे दिवसाला सुमारे ७० किलोकॅलरी मिळत होत्या. पित्त अडलेल्या बाळाला नेहमीच्या गरजेच्या सव्वा ते दीडपट ऊर्जा लागते. तिला किमान १२० हव्या होत्या. खोबरेलाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण कोकणातले जवळजवळ प्रत्येक कुटुंब हा प्रश्न विचारते. पित्ताशिवाय पचतात ती मध्यम साखळीची मेदाम्ले. खोबरेलात त्यातली खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी आठ आणि दहा कार्बनची मेदाम्ले थोडीच असतात. मोठा वाटा बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदाम्लांच्या) तेलाची जागा खोबरेल घेऊ शकत नाही.

पहिला निर्णय: लगेच शस्त्रक्रिया की आधी पोषण?

दात्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. आईचा रक्तगट जुळत नव्हता, वडिलांच्या यकृतात चरबी होती. आईची आई, वय ४६, तपासण्यांत बसली. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा जवळचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे परवानगीचा मार्ग सोपा झाला. आजी म्हणाल्या, "माझा घ्या, पण पोरीक तिच्या आवशीपासून लांब ठेव नकात." आई मोकळी राहिल्याने पुढच्या काळात अंगावरचे दूध चालू राहिले, याचा सईला खूप उपयोग झाला.

गटात दोन मते होती. शल्यविशारदांचे म्हणणे, यकृत झपाट्याने बिघडते आहे, रक्तस्राव झाला तर संधी जाईल. आमचे म्हणणे, या दंडाने शस्त्रक्रिया केली तर जखम भरण्यापासून विषाणूंपर्यंत सगळीकडे किंमत मोजावी लागेल. प्रथिने आणि ऊर्जा दोन्ही कमी पडली की लहान मुलांची थायमस ग्रंथी आक्रसते. विषाणूंना आवर घालणाऱ्या टी-पेशी तिथेच तयार होतात, आणि प्रत्यारोपणानंतर द्यायची औषधे नेमक्या त्याच पेशींना दाबतात. म्हणजे कुपोषित बाळ दोन्हीकडून मार खाते.

मधला रस्ता निघाला. नाकातून नळी घालून रात्रभर हळूहळू आहार, दिवसा तोंडाने जे घेईल ते. एमसीटी असलेला फॉर्म्युला, अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे, झिंक. प्रथिने कमी करायची नाहीत, हे लेखी दिले. यकृत खराब म्हणजे प्रथिने बंद, हा गैरसमज अजून घराघरांत आहे, आणि काही वेळा वॉर्डातही. पहिल्या आठवड्यात फॉस्फरस आणि मॅग्नेशियम जवळजवळ रोज बघितले, कारण उपाशी शरीराला एकदम खायला घातले की ते घसरतात.

याच काळात आणखी एक गोष्ट केली. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस नवव्या महिन्याची वाट न बघता साडेआठव्या महिन्यात दिली. या लसी जिवंत विषाणूंच्या. प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी द्याव्या लागतात आणि नंतर सहसा देता येत नाहीत. २०२२ मध्ये गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुले दगावली. ते बघितलेल्या कुणालाही या एका सुईची किंमत सांगावी लागत नाही.

सात आठवड्यांत वजन ६.६ वरून ६.७ झाले. नळीचा इतका खटाटोप करून शंभर ग्रॅम, म्हणून वडील खट्टू झाले. पण पाणी उतरवणारी औषधे चालू होती आणि दंडघेर १०.९ वरून ११.४ वर आला होता. मी त्यांना दोन्ही मापे शेजारी मांडून दाखवली. ११.५ च्या पुढे जायची आमची इच्छा होती, पण पित्तमार्गात जंतुसंसर्गाचा ताप आला, बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) चढले आणि थांबणे धोक्याचे झाले. दहाव्या महिन्यात, फेब्रुवारीच्या मध्यावर, प्रत्यारोपण झाले.

दुसरा निर्णय: सीएमव्हीपासून संरक्षण कसे करायचे?

सायटोमेगॅलोव्हायरस, बोलीत सीएमव्ही, आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडलेला असतो. दात्याच्या यकृताबरोबर तो बाळात येतो. बाळाची त्याच्याशी आधी ओळख नसेल तर धोका सर्वांत जास्त. आजीची चाचणी पॉझिटिव्ह होती, ते अपेक्षितच होते. गंमत सईच्या चाचणीत होती: तिचीही प्रतिपिंडे पॉझिटिव्ह. कागदावर ती 'सुरक्षित' गटात जात होती.

इथे संसर्गतज्ज्ञांनी अडवले. वर्ष-दीड वर्षापर्यंतच्या बाळात दिसणारी प्रतिपिंडे आईची असू शकतात, किंवा दिलेल्या रक्तातून आलेली. लघवीची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी) केली, तिच्यात विषाणू नव्हता. सईला सर्वाधिक धोक्याच्या गटात धरायचे ठरले. ईबीव्ही (एपस्टाइन-बार) या दुसऱ्या विषाणूचीही हीच परिस्थिती: दात्यात आहे, बाळात नाही.

मार्ग दोन होते. एक, तीन महिने विषाणूविरोधी औषध सरसकट द्यायचे. दोन, औषध न देता दर आठवड्याला रक्ताची पीसीआर करायची आणि विषाणू दिसला की उपचार सुरू करायचे. दुसऱ्या मार्गात औषधाचे दुष्परिणाम टळतात, पण तपासणी एकदाही चुकून चालत नाही. सईच्या गावाहून नमुना मुंबईला पोचवायचा म्हणजे एक रात्र आणि एका माणसाची मजुरी. म्हणून पहिला मार्ग निवडला. सुरुवातीला शिरेतून गॅनसायक्लोव्हिर, मग तोंडाने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. तिसऱ्या आठवड्यात शरीराने यकृत नाकारण्याची सौम्य चिन्हे दाखवली, त्यासाठी स्टेरॉईडचा मोठा डोस द्यावा लागला आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसच्या जोडीला त्याच कामाचे मायकोफेनोलेट आले. प्रतिकारशक्ती आणखी एक पायरी खाली गेली.

बारीक दंडाचा डोसवर परिणाम

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे, कारण पोषण म्हणजे फक्त खाणे-पिणे नव्हे हे इथे आकड्यांत दिसते. (डोस ठरवणे हे प्रत्यारोपण गटाचेच काम, हे आकडे घरी वापरायचे नाहीत.)

व्हॅलगॅनसायक्लोव्हिरचा मुलांचा डोस काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे: सात गुणिले शरीराचे पृष्ठफळ गुणिले मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता. ही क्षमता रक्तातल्या क्रिएटिनिन या, मूत्रपिंडांनी बाहेर टाकायच्या, टाकाऊ पदार्थावरून काढतात. क्रिएटिनिन येते स्नायूंतून. ज्या बाळाला स्नायूच नाहीत त्याचे क्रिएटिनिन फार कमी येते आणि हिशेबात त्याची मूत्रपिंडे आहेत त्याहून कितीतरी दमदार दिसतात.

सईचे वजन तेव्हा ६.५ किलो, उंची ६५ सेंटिमीटर, क्रिएटिनिन ०.१५. सूत्रात घातले तर क्षमता १९५ आणि डोस सुमारे ४६८ मिलिग्रॅम. नेमक्या अशाच कमी वजनाच्या आणि कमी क्रिएटिनिनच्या मुलांत डोस जास्त होण्याचा धोका ओळखून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये ही क्षमता १५० च्या वर धरू नये अशी सूचना काढली. ती पाळली की डोस ३६० वर येतो. काही केंद्रे साधा वजनाचा हिशेब करतात, किलोमागे १६ मिलिग्रॅम. तसे केले तर १०४. एकच बाळ, एकच दिवस, आणि तीन उत्तरे.

सईला ३६० मिलिग्रॅम दिले गेले. नवव्या आठवड्यात तिच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६२० पर्यंत घसरल्या. मायकोफेनोलेट आणि को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक यांचाही त्यात हात असू शकतो, पण पहिला संशय याच औषधावर जातो. पर्याय तीन होते: डोस उतरवून चालू ठेवणे, पेशी वाढवणारे इंजेक्शन देऊन तोच डोस पुढे नेणे, किंवा औषध थांबवून दर आठवड्याच्या पीसीआरवर जाणे. डोस अंदाजाने उतरवला तर विषाणू औषधाला निर्ढावण्याची भीती वाटली, इंजेक्शन टाळावेसे वाटले, आणि औषध थांबले. कुटुंब तेव्हा मुंबईत भाड्याच्या खोलीत राहत होते, त्यामुळे दर आठवड्याला पीसीआर शक्य होती. पेशी दोन आठवड्यांत सावरल्या. पीसीआर निगेटिव्ह येत राहिली.

प्रत्यारोपणानंतरच्या तिसऱ्या महिन्याचा शेवट

मेच्या मध्याला सईकडे बघून सगळ्यांना समाधान वाटत होते. वजन ७.८ किलो, दंडघेर १२.६. कावीळ गेलेली. ती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती आणि नाकातली नळी दिवसातून दोनदा ओढून काढत होती. तोंडाने बरे खाते, नळीने नाक सोलवटते, आणि गावी नळी बसवून देणारे कुणी नाही, म्हणून नळी कायमची काढली. खोलीचे भाडे परवडेना, म्हणून कुटुंब गावी गेले. गावी गेल्यावर दर आठवड्याची पीसीआर महिन्यातून एकदा झाली.

यातला प्रत्येक निर्णय त्या-त्या माणसाने विचार करून घेतला होता आणि एकेकटा तपासला तर तो चुकीचा म्हणता येत नाही. औषध संसर्गतज्ज्ञांनी थांबवले. नळी आमच्या विभागाने काढली. तपासणीचे अंतर समन्वयकांनी कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ठरवले. पण पाचेक आठवड्यांत एका बाळाच्या अंगावरची तीन संरक्षणे उतरली, आणि ही तिन्ही एकाच कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा.

घरी काय झाले

घरी जाताना आम्ही माहितीपत्रक दिले. त्यात काय टाळायचे याची दोन पाने होती: बाहेरचे नको, कच्चे नको, न उकळलेले दूध नको, शिळे नको. काय द्यायचे याला अर्धे पान. कुटुंबाने ते मनापासून पाळले, आणि त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सूचनांची भर पडली. अंडे उष्ण, मासळीने जंतू होतात, दह्याने सर्दी होते. एकेक पदार्थ गळत गेला आणि उरली उकड्या तांदळाची पेज. गरम, ताजी, उकळलेली, स्वच्छ. १५० मिलिलिटरच्या वाटीत साधारण ५० किलोकॅलरी. नळीतून जाणाऱ्या तेवढ्याच फॉर्म्युल्यात १५० असायच्या.

फोनवर आजी विचारत, "चेडू पोटभर पेज पिता, मगे हात कित्याक बारीक जाता?" प्रश्न अगदी नेमका होता. अंगणवाडी सेविका दर पंधरा दिवसांनी पट्टी लावून फोटो पाठवत असे. जूनच्या सुरुवातीला १२.३. जूनच्या मध्यावर १२.०. वजन ७.८ वर तसेच. मी पेज कमी करून मोड आणलेल्या नाचणीचे पीठ, तेल, शेंगदाण्याचे कूट, उकडलेले अंडे असा बदल सांगितला. मोड आणल्याने खीर पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येते. सल्ला योग्य होता, पण दंड उतरण्याचे कारण फक्त खाणे आहे असे धरून दिलेला होता. पीसीआरची तारीख तीन आठवडे लांब होती. ती अलीकडे आणावी, असे कुठल्या नियमात नव्हते.

पाचवा महिना: पर्याय आणि उपचार

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, सईला १०२ ताप आणि दिवसाला आठ-दहा जुलाब सुरू झाले. गावच्या डॉक्टरांनी सलाईन लावून लगेच मुंबईला पाठवले, हे फार बरे झाले. दाखल झाली तेव्हा वजन ७.३, दंडघेर ११.६. सीएमव्ही पीसीआर मिलिलिटरमागे ४१,००० एकक. एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य, १९०. टॅक्रोलिमसची पातळी १७.८, म्हणजे हव्या त्या पातळीच्या दुपटीहून अधिक. औषध कुणी जास्त दिले नव्हते. आतड्याचे अस्तर हे औषध एरवी बऱ्याच प्रमाणात आतच अडवते आणि मोडते. जुलाबात ती अडवणूक कमी पडते आणि रक्तातली पातळी चढते. विषाणूने जुलाब, जुलाबाने टॅक्रोलिमस वर, टॅक्रोलिमसने प्रतिकारशक्ती खाली, आणि मग विषाणूला आणखी मोकळे रान. या चक्राकडे लक्ष नसेल तर बाळ दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकते.

पहिला पेच एएलटीचा. यकृत नाकारले जाते आहे की विषाणूने यकृत सुजले आहे? उपचार एकमेकांच्या नेमके उलट: पहिल्यात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, दुसऱ्यात सैल सोडायची. अंदाजाने स्टेरॉईड देण्याचा विचार बोलून दाखवला गेला, पण एक दिवस थांबून बायोप्सी केली. नाकारण्याची चिन्हे नव्हती. पेशींत सीएमव्ही होता. गॅनसायक्लोव्हिर शिरेतून, किलोमागे ५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी. मायकोफेनोलेट बंद, टॅक्रोलिमस उतरवले. या वेळी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनच्या जोडीला रक्तातले सिस्टॅटिन-सी हे प्रथिन बघितले. ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. न्यूट्रोफिल एक दिवसाआड.

दुसरा पेच आहाराचा. जुलाब थांबेपर्यंत आतड्याला विश्रांती देऊन शिरेतून पोषण द्यावे, असा एक प्रस्ताव होता. आम्ही विरोध केला. शिरेतल्या पोषणासाठी मोठी नळी लागते, आणि इतक्या दाबलेल्या प्रतिकारशक्तीत ती जंतूंना दार उघडून देते. शिवाय रिकाम्या आतड्याचे अस्तर आणखी झिजते. त्याच संध्याकाळी नाकातली नळी परत घातली, पचायला हलका पेप्टाइड फॉर्म्युला तासाला १० मिलिलिटरपासून सुरू केला, आणि जुलाबांकडे लक्ष ठेवत पाच दिवसांत पूर्ण आहारावर आणला. अंगावरचे दूध थांबवले नाही. आईला वाटले आपण हरलो, नळी परत आली. मी तिला म्हटले, "ताई, नळी म्हणजे मागे जाणं नाही. हे तिचं औषधच आहे, आणि ते आपण दोन महिन्यांपूर्वी लवकर थांबवलं."

तीन आठवड्यांनी लागोपाठ दोन पीसीआर निगेटिव्ह आल्या. पुढे तोंडाने औषध, या वेळी वजनाच्या हिशेबाने. नळी आणखी दहा आठवडे राहिली, आणि ती बसवायला तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकेला व्हिडिओ कॉलवरून शिकवले. एकदा बघितल्यावर ती सराईतपणे बसवू लागली. हे मेमध्येही करता आले असते.

परिणाम

गणपतीत प्रत्यारोपणानंतरचा सातवा महिना चालू होता. माटवीला बांधलेली पपनसे सईच्या आवाक्यात होती, म्हणून फोन आला. पपनसाने टॅक्रोलिमस वाढू शकते, तेव्हा फोडी तिला नकोत, बाकी मोदक खुशाल, असे सांगितले. कुणी चुलत आजोबांनी गुळवेलीचा काढा आणला होता, तोही थांबवला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे, आणि प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काहीही या मुलांत नवे यकृत नाकारण्याला निमंत्रण ठरू शकते. पल्स पोलिओचे थेंबही जिवंत विषाणूचे, म्हणून ते सईला आणि घरातल्या दुसऱ्या लहानग्याला द्यायचे नाहीत, हे सेविकेला आधीच कळवले होते. त्यांना सुईची लस मिळाली.

आठव्या महिन्यात ईबीव्ही रक्तात दिसला. प्रमाण कमी होते. टॅक्रोलिमस थोडे आणखी उतरवले, गाठी आणि टॉन्सिल दर भेटीत तपासले, आणि ईबीव्हीमुळे होऊ शकणाऱ्या लसीका-पेशींच्या गाठीच्या आजाराकडे ते वळले नाही. तेव्हा दंडघेर १३.२ होता. वर्ष पुरे झाले तेव्हा वजन १०.१ किलो, दंडघेर १४.१, उंची ७७ सेंटिमीटर. उंची अजून मागे आहे. सीएमव्ही नाही.

वेगळे काय करता आले असते

कुपोषणामुळेच सईला सीएमव्ही झाला, असे एका मुलावरून म्हणता येत नाही. दात्यात विषाणू, स्टेरॉईडचा मोठा डोस, मायकोफेनोलेट आणि अपुरे राहिलेले औषध, एवढी कारणे पुरेशी होती. उलटही शक्य आहे: जूनमध्ये विषाणू हळूहळू वाढत असेल, त्यानेच भूक गेली असेल आणि दंड उतरला असेल. माझ्या मते हा वाद सोडवायची गरजच नाही. दंडघेर विषाणूमुळे उतरो की पेजेमुळे, दोन्ही वेळी करायचे काम तेच आहे: त्याच आठवड्यात पीसीआर. म्हणून आता आमच्याकडे प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात दंडघेर अर्धा सेंटिमीटर उतरला, किंवा लागोपाठ दोन मापांत उतरत गेला, की नमुना मागवतो. पट्टी सेविकेकडे असतेच.

दुसरा बदल त्या कागदाचा. विषाणूविरोधी औषध, नळी आणि तपासणीचे अंतर यांपैकी काहीही बदलायचे असेल तर बाकीचे दोन चार आठवडे हलवायचे नाहीत. सईच्या बाबतीत औषध नाइलाजाने थांबले होते. मग निदान नळी आणि दर आठवड्याची पीसीआर तशीच राहायला हवी होती. औषध थांबवण्याआधी डोस सिस्टॅटिन-सी धरून पुन्हा मांडायला हवा होता. कदाचित ते थांबवावेच लागले नसते.

माहितीपत्रकही बदलले. आता पहिली दोन पाने काय द्यायचे यावर आहेत, कोकणासाठी वेगळी आणि देशावरच्या घरांसाठी वेगळी, वाटीच्या मापात. टाळायच्या गोष्टी शेवटच्या अर्ध्या पानात. अंडे पूर्ण शिजवून, मासळी ताजी आणि पूर्ण शिजवून, दही तापवलेल्या दुधाचे घरी लावलेले, आणि पेजेबद्दल ठळक अक्षरांत: पेज पाण्याऐवजी चालेल, जेवणाऐवजी नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. सईच्या शस्त्रक्रियेला देणग्या आणि मदतनिधीतून पैसे उभे राहिले, पण नळीतून जाणाऱ्या फॉर्म्युल्याचा डबा कुठल्याच मंजुरीत बसला नाही. तो वडिलांनी बोटीवरच्या मजुरीतून घेतला, आणि मेमध्ये नळी काढायला त्यांनी इतक्या पटकन होकार देण्यामागे हेही एक कारण होते. पुढच्या मुलांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात आम्ही सहा महिन्यांचा फॉर्म्युला आणि पीसीआर शस्त्रक्रियेच्या रकमेतच धरून लिहितो. काही संस्थांनी तो मान्य केला आहे, काहींनी 'खाण्याचा खर्च' म्हणून खोडला आहे. खोडला की आम्ही न्यूट्रोफिल, दंडघेर आणि पीसीआर असा सईचा तक्ता जोडून अर्ज पुन्हा पाठवतो.